हात पुरेल एवढा मांडव

आई नव्या मांडवाखाली उभी राहिली आणि तिने हात वर केला. मग टाचा उचलल्या. दोडका तिच्या बोटांच्या वर वीतभर लोंबत होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, घरात गेली, पडवीतून नारळाची आकडी घेऊन आली आणि दोडका खाली ओढला. तो जांभ्याच्या दगडावर पडून मधोमध मोडला. ती काही बोलली नाही. आमच्या घरात न बोलणं हे बोलण्यापेक्षा लांबलचक असतं.

मांडव मी बांधला होता, माझ्या पैशाने आणि माझ्या अकलेने. सात फूट उंच, दहा बाय आठचा. मेमध्ये ड्रिल मशीन घेऊन मी डोंबिवलीहून गावी गेलो होतो. कोकणकन्येत बाजूच्या माणसाने विचारलं, बॅगेत एवढं जड काय आहे? मी म्हटलं, मांडव.

बाबा गेले त्या वर्षी परड्यात मांडव पडला नाही. आईने पडवळ नि कारली वईवर, म्हणजे कुंपणावर सोडली, ती निम्मी बाहेरच्या गुरांनी खाल्ली. तेव्हाच ठरवलं की एकदा असा मांडव घालायचा की पुन्हा हात लावायला नको. दर वर्षी मेढी आणा, खड्डे खणा, चिवार म्हणजे बारीक बांबू तोडा, सुंभ वळा, आणि कार्तिकात मेढी काढून उरलेलं सगळं न्हाणीच्या चुलीत घाला, हा काय व्यवहार झाला? ऑफिसात आम्ही असल्या कामाला ‘वन टाइम इन्व्हेस्टमेंट’ म्हणतो. हा शब्द मी आईसमोर वापरला नाही एवढीच माझी हुशारी.

तासगावकडे द्राक्षांचे मांडव पाहिले होते. लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा, रांगेला रांग. एकदा उभे केले की पंधरा-वीस वर्षं बघायला नको. पण द्राक्षाची वेल वर्षानुवर्षं जगते. छाटणी झाली की पुन्हा फुटते, आणि तिचं खोड मनगटाएवढं होतं. आमचं पडवळ मृगात रुजतं आणि दिवाळीनंतर वाळून जातं. चार-पाच महिन्यांच्या पाहुण्याला वीस वर्षांचा बंगला कशाला, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला असता तर मी त्याला अडाणी म्हटलं असतं.

सॉ मिलमधून आकेशियाच्या पट्ट्या कापून आणल्या. खांब अडीच इंची चौकोनी, वरच्या पट्ट्या दोन इंच रुंद. रंधा मारून घेतल्या. पॉलिश पेपर घासला, वॉर्निशचे दोन हात दिले. जमीन आमची जांभ्याची, पहार मारली की ठिणगी उडते, दोन फुटांचा एकेक खड्डा व्हायला अर्धा दिवस गेला. स्क्रू गंजू नयेत म्हणून स्टीलचे घेतले. चार दिवसांत काम उभं राहिलं आणि खरंच देखणं झालं. संध्याकाळचं ऊन पट्ट्यांवरून घरंगळायचं तेव्हा मी त्याचे चौदा फोटो काढले.

शेजारचे काका वई ओलांडून आले. फेरी मारली, एक खांब हलवून बघितला. म्हणाले, “बरां झालां हां. आता तुका दर वर्सा येवची गरज नाय.”

कौतुकच होतं ते. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय.

मृग लागला. आईने आळी केली, राखेत ठेवलेलं बी काढलं, पडवळ, दोडका, कारलं, काकडी अशा क्रमाने लावलं. एका आळ्यात मी आणलेलं ‘कोकण श्वेता’ पडवळ, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वाण. ते तिने कोपऱ्यात लावलं, नवीन सुनेला पहिल्या दिवशी पाटाच्या कडेला बसवतात तसं. आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे वेलीला पाणी घालायचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो तिला चिखलातून लवकर वर उचलायचा.

जुलैत जमिनीच्या कामासाठी गेलो तर वेली खांबाच्या बुडाशी ढीग करून बसल्या होत्या. एकमेकींच्या गळ्यात गळे. कारल्याचे तणावे, म्हणजे वेल ज्यांनी आधार धरते ते दोरे, खांबाजवळ येत, वॉर्निशवर टेकत आणि घसरत. दोन-चार तणाव्यांनी तर स्वतःच्याच देठाला गाठ मारून घेतली होती. मी नायलॉनच्या दोरीने त्यांना खांबाला बांधायला गेलो. आई मागे उभी होती.

“वेलीक धरूक बारीक कायतरी व्हया,” ती म्हणाली. “खांब धरूक ती काय पोफळीवर चढणारो माणूस आसा?”

मग तिने नायलॉन माझ्या हातातून काढून घेतलं. वारा आला की वेल हलते आणि नायलॉन देठात रुततं, म्हणून. तिने वाळक्या निरगुडीच्या फांद्या आणल्या, पुष्कळ फाटे असलेल्या, आणि एकेक प्रत्येक आळ्यात उलटी रोवली. फांदीच्या टोकापासून वरच्या पट्टीपर्यंत सुंभ बांधलं. पट्ट्यांवर आडवे-उभे चिवारीचे बारीक तुकडे आणि झाडझुडूप टाकलं. माझा देखणा मांडव अर्ध्या तासात कावळ्याच्या घरट्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मी तिथेच जांभ्यावर बसलो. पाऊस उघडला होता. कारल्याचा एक तणावा सुंभापासून दोन बोटांवर होता. अगदी सरळ, टोकाला किंचित वाकडा, आकडीसारखा. वाऱ्याने तो सुंभाला लागला. चहा संपेपर्यंत काही दिसलं नाही. नंतर आंघोळ करून आलो तर टोक सुंभाभोवती वळलं होतं. दुपारी जेवून आलो तेव्हा दोन वेढे पडले होते. नंतरच्या एक-दोन दिवसांत मधला सरळ दोरा स्वतःलाच पिळत गेला, त्याची स्प्रिंग झाली आणि वेल सुंभाकडे ओढली गेली. आईचा चष्मा लावून मी ती स्प्रिंग मोजत बसलो. मधोमध एक जागा होती तिथे पीळ उलटा फिरत होता. अर्धे वेढे एका दिशेने, अर्धे दुसऱ्या.

हे उलट फिरणं मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. पण दोरीची दोन्ही टोकं बांधलेली असतील आणि मधे पीळ द्यायचा असेल तर एकाच दिशेने पीळ बसूच शकत नाही. एका बाजूला जेवढा उजवा, तेवढाच दुसऱ्या बाजूला डावा. ज्याने लहानपणी खिडकीच्या गजाला सुतळी बांधून पिळली असेल त्याला हे हाताला माहीत असतं. चार्ल्स डार्विनने या वेलींवर १८६५ मध्ये एक लांबलचक निबंध लिहिला, दहा वर्षांनी त्याचं पुस्तक झालं, त्यात या उलट्या पिळाची फोड आहे. त्यातलं काही निरीक्षण तर त्याने आजारपणात खोलीत पडून, समोर कुंडी ठेवून केलेलं. वादळी वाऱ्यात तो मुद्दाम कुंपणावरची एक जंगली वेल बघायला गेला होता. फांद्या आपटत होत्या, पण स्प्रिंग झालेल्या तणाव्यांमुळे वेल तुटत नव्हती. वारा आला की स्प्रिंग ताणायची, गेला की परत यायची. दोन नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाची उपमा त्याला सुचली. मालवणच्या किनाऱ्यावर नांगरलेल्या होड्या ज्याने पाहिल्यात त्याला ती वेगळी समजावून सांगायला नको.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, मग तिका बारीक कायतरी व्हया म्हणान मीया काय वेगळां सांगलंय?

तेव्हापासून मला वेलींची चढायची तऱ्हा बघायचा नाद लागला. पडवळाचा तणावा दोन-तीन फाट्यांचा, तो एकाच वेळी तीनकडे चाचपतो. कारल्याचा एकच, बारीक, पण चिवट. मायाळूला आणि वालाला तणावेच नसतात. त्यांचं खोडच काठीभोवती गरगर फिरत जातं, म्हणून त्यांना मांडव नको, उभी काठी हवी. काळी मिरी पेरापेराला मुळं फोडून पोफळीच्या खरखरीत अंगाला चिकटते. पानवेलीला मळ्यात शेवरी, पांगारा असली जिवंत झाडंच आधाराला देतात. आणि जुई बिचारी नुसती लांब होत जाते. तिला माणसाने उचलून बांधायलाच लागतं, नाहीतर ती आडवी होऊन वाट बघत राहते. सगळ्यांना मिळून आपण ‘वेल’ म्हणतो आणि सगळ्यांसाठी एकच जाळी विकत आणतो.

ऑगस्टमध्ये मांडव भरला. वरून छप्पर, खाली हिरवा अंधार. पडवळाला फूल रात्री उमलतं, हे मी गावात वाढून कधी पाहिलं नव्हतं. टॉर्च घेऊन गेलो तर पांढरी फुलं, पाकळ्यांच्या कडांना दोऱ्यांची झालर, आणि तिच्याभोवती पतंग भिरभिरत होते. सकाळी तीच फुलं कोमेजून ओल्या चिंध्यांसारखी दिसतात. दोडका संध्याकाळी उमलतो, चार-पाचच्या चहाला पिवळा होतो. कारल्याचं फूल सकाळचं. म्हणजे मांडवाखाली चोवीस तास पाळीने कुणीतरी कामावर असतं.

कोवळ्या पडवळाच्या टोकाला आई सुंभाने दगड बांधते, नाहीतर ते सापासारखं वाकडं होतं. लिंबाएवढा खडा, जास्त जड नाही. आणि इथेच तो उंचीचा घोळ उघडा पडला. दगड बांधायला ती पाटावर चढली. पाट ओल्या मातीत कलला. पडली नाही, पण वाशाला धरून काही वेळ तशीच उभी राहिली. त्यानंतर खडे बांधायचं काम तिने सोडून दिलं. त्या वर्षी ऋषीच्या भाजीत वाकडंतिकडं पडवळ होतं.

ऋषीच्या भाजीचं हे एक बरं आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणजे नांगराखालच्या जमिनीचं नाही. जे परड्यात, मांडवावर, कुदळीने नि हाताने झालं तेच चालतं. माठ, अळू, भेंडी, सुरण, पडवळ, दोडका. मिक्सरमधून काढल्यासारखा एकजीव रस्सा, त्यात वाकडं काय नि सरळ काय. पण आदल्या दिवशी गणपतीवर माटवी बांधताना तिने कोपऱ्यात टांगायला एक सरळ पडवळ शोधलं आणि नाही मिळालं. माटवी म्हणजे तरी काय, घरात छताला टांगलेला छोटा मांडवच. लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीची शिपटी, तवसं आणि रानातली लाल कवंडळं. कवंडळ पडवळाच्याच भाऊबंदातलं, फक्त त्याला कुणी मांडव घालत नाही आणि त्याचं काही अडतही नाही.

दुसऱ्या पावसात मांडवाचा एक खांब बुडात वाळवीने खाल्ला. वॉर्निश वरून तसंच चकचकीत, आत भुसा. श्रावणातल्या एका रात्री वाऱ्याने मांडव ओल्या पानांच्या वजनासकट एका अंगाला बसला. आईने फोनवर सांगितलं ते असं: पाऊस बरा आहे, म्हैस व्याली, मांडव बसला, तुझी सर्दी कशी आहे?

दिवाळीला जाऊन मी तो मोडला. पट्ट्या माळ्यावर गेल्या. स्टीलचे स्क्रू आईने मोजून बिस्किटांच्या डब्यात ठेवले. एकशे बारा.

माळ्यावर पट्ट्या रचताना बाबांच्या मेढी सापडल्या. मेढ म्हणजे वर बेचकं असलेला खांब. बेचक्यात आडी टाकायची, स्क्रू नको, खिळा नको. लग्नाच्या मांडवाचा पहिला असा खांब रोवायचा ती मुहूर्तमेढ. आता पेपरात रोज कुणी ना कुणी कसली ना कसली मुहूर्तमेढ रोवत असतं, पण त्यातल्या किती जणांनी बेचकं पारखून फांदी तोडली असेल कोण जाणे. बेचकं फार उघडं असेल तर वजनाने चिरतं, फार अरुंद असेल तर आडी बसत नाही. अंगठा आणि पहिलं बोट सैल ताणलं की जेवढा कोन होतो तेवढं बरं, असं बाबा दाखवायचे.

मेढी नऊ होत्या, किंजळीच्या. बुडं काळी, भाजलेली. वाळवी लागू नये म्हणून रोवायच्या आधी ते बुड आगीत फिरवून वरचा थर कोळसा करत. पण सगळ्यांची उंची वेगवेगळी होती. मला आधी वाटलं हा त्यांचा गबाळेपणा. मग काकांना विचारलं. ते म्हणाले, दर वर्षी बुड कुजतं तेवढं कापायचं आणि पुन्हा भाजायचं. चार बोटं एका वर्षी, दुसऱ्या वर्षी वीत. जी मेढ जास्त जुनी ती जास्त आखूड. सगळ्यांत आखूड मेढ जिथे जमीन चढाची तिथे घालायची, म्हणजे वर सपाटी येते.

“म्हणजे मांडव दर वर्षी ठेंगणा व्हायचा?” मी विचारलं.

“व्हयतर,” काका म्हणाले. “आणि तुझी आवस पण.”

आणि ते हसले. मी त्या मेढी भिंतीला टेकून उभ्या केल्या. सगळ्यांत लांब साधारण साडेसात फूट, त्यातले दोन जमिनीत जायचे. सगळ्यांत आखूड सव्वासहा. आईची कंबर गेल्या दहा वर्षांत वाकत आली. बाबा मापं घेणाऱ्यांतले नव्हते, त्यांच्याकडे टेपसुद्धा नव्हती. आईच्या हाताचा त्यांनी विचार केला असेल की नुसतं कुजकं बुड कापलं असेल, हे आता कुणाला विचारायचं? आईला विचारलं तर ती म्हणाली, लाकूड कुजतला नाय तर काय?

या मेमध्ये तिचा फोन आला. “मेढी हाडून ठेवल्यात. तू कधी येतलंस?”

गेलो. नऊपैकी सहा कामाच्या होत्या, तीन नवीन काकांनी रानातून आणून ठेवलेल्या. आडव्या वाशांना माणगा आमच्याच बेटातला. माणगा हा भरीव बांबू, काटे नाहीत, म्हणून तोडायला सोपा. गंमत म्हणजे कायद्याच्या पुस्तकात बांबू १९२७ पासून झाड होता. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटला. तो मुळात गवतच, पण गवताला हे सिद्ध करायला नव्वद वर्षं लागली. काकांनी काठ्या थंडीतच तोडून वहाळात बुडवून ठेवल्या होत्या. आतली गोडी पाण्यात उतरली की भुंगा पोखरत नाही. कोवळी काठी मात्र कितीही बुडवा, फुकट. तीन वर्षांची हवी. ती ओळखायची कशी विचारलं तर काकांनी कोयत्याच्या पाठीने दोन काठ्या वाजवून दाखवल्या. एक खणखणली, एक बसक्या आवाजात बोलली. मला दोन्ही सारख्याच वाटल्या.

परड्यात जाळ केला आणि बुडं भाजली. धुराने डोळे चुरचुरले. जुन्या दोन खड्ड्यांत माझ्या खांबांचे कुजके बुडखे सापडले, ते उकरून काढले. मेढ उभी केली की एकाने धरायची, दुसऱ्याने भोवती जांभ्याच्या चिपा पहारीच्या टोकाने ठोकून बसवायच्या, मग माती, मग पुन्हा चिपा. सिमेंट घालू या म्हटलं तर काका म्हणाले, मग कार्तिकात काढतलंस कशी? सुंभ भिजवून बांधलं. माझी पहिली गाठ काकांनी सोडली, दुसरी पण. तिसरी तशीच राहू दिली. ती चांगली होती की ते कंटाळले होते, नाही सांगता येत.

मधला वासा टाकायच्या आधी मी आईला हाक मारली. ती भांडी घासत होती, राखेच्या हातांनीच आली.

“हात वर कर.”

“कित्याक?”

“कर तू.”

तिने केला. कोपर पूर्ण सरळ होत नाही आता. मी दोन मेढींची बुडं पुन्हा बाहेर काढली आणि चार-चार बोटं कापली. काका काही न बोलता विडी ओढत बसले. दुपार झाली, आभाळ पश्चिमेकडून भरून आलं, आणि आम्ही घाईघाईने उरलेल्या काठ्या टाकल्या. निरगुडीच्या फांद्या राहिल्याच. त्या तिच्या ती रोवणार होती.

मी खाली वाकून चालत आरपार गेलो. दोनदा डोकं आपटलं. आई पडवीतून ती नारळाची आकडी घेऊन आली, मला वाटलं काही पाडायचंय. तिने हात वर केला, आकडी मधल्या वाशाला अडकवली, आणि उरलेली भांडी घासायला गेली.